पंधरा मिनिटं आणि एक उंदीर

मित्रांनो, इंजिनिअरिंगला आल्यावर आपण सगळ्यात आधी काय शिकलो असू, तर उत्तरापुढे युनिट लिहायला. फॉर्म्युला बरोबर, आकडा बरोबर, पण युनिट राहिलं की सर लाल पेनने गोल करतात आणि मार्क गेलाच म्हणून समजा. व्हायवाचं तर बोलायलाच नको! न्यूटन, पास्कल, ज्यूल... एकेका युनिटमागे एकेक मोठं नाव. आज मात्र ज्या युनिटची गोष्ट सांगायची आहे, त्यामागे कुठल्याच शास्त्रज्ञाचं नाव नाही. त्याचं नाव माउस युनिट. म्हणजे चक्क उंदीर-एकक!

हसू नका. व्याख्या अशी आहे : वीस ग्रॅम वजनाच्या पांढऱ्या उंदराच्या पोटात टोचल्यावर त्याला पंधरा मिनिटांत मारणारी विषाची मात्रा म्हणजे एक माउस युनिट. ऐकायला क्रूर आणि ओबडधोबड वाटतं, आणि आहेही तसंच. पण या युनिटच्या जोरावर शिंपल्यातलं जीवघेणं विष पहिल्यांदा आकड्यांत आलं आणि असंख्य माणसं वाचली. ज्या प्रयोगशाळेत हे घडलं तिचे प्रमुख होते डॉ. कार्ल मेयर. ही त्यांची गोष्ट.

कार्ल फ्रेडरिक मेयर यांचा जन्म १९ मे १८८४ चा, स्वित्झर्लंडमधल्या बाझल शहरातला. झुरिकला शिकून १९०९ मध्ये त्यांनी पशुवैद्यकाची डॉक्टरेट घेतली. म्हणजे आपल्या भाषेत गुरांचा डॉक्टर! पदवी गुरांच्या डॉक्टरची आणि आयुष्य गेलं माणसांचे आजार शोधण्यात. पुढे मोठं नाव झाल्यावरही जनावर आणि माणूस यांच्या आजारांत त्यांनी कधी भिंत घातली नाही.

सुरुवातीला ते दक्षिण आफ्रिकेत गेले. तिथे प्रिटोरियाजवळ ऑन्डरस्टेपोर्टला आर्नोल्ड थायलर या दुसऱ्या एका स्विस पशुवैद्याची नावाजलेली संस्था होती. गोचिडांमुळे गुरांना होणाऱ्या ईस्ट कोस्ट फीवर या रोगावर मेयर यांनी तिथे काम केलं. मग अमेरिका. आधी पेनसिल्व्हेनिया विद्यापीठ, १९१३ मध्ये कॅलिफोर्निया, आणि १९१५ पासून सॅन फ्रान्सिस्कोमधलं हूपर फाउंडेशन. या संशोधन संस्थेचे ते १९२४ ते १९५४ अशी तब्बल तीस वर्षं संचालक होते. आपल्याकडे एका सेमिस्टरमध्ये दोन टाइमटेबलं बदलतात, तिथे एक माणूस एका खुर्चीवर तीस वर्षं!

शिंपल्यांकडे वळण्याआधी एक डबाबंद प्रकरण सांगायला हवं, कारण मेयर यांची विचार करायची पद्धत त्यात दिसते. १९१९-२० च्या सुमारास कॅलिफोर्नियात डबाबंद केलेली ऑलिव्हची फळं खाऊन अमेरिकेत ठिकठिकाणी माणसं दगावली. कारण होतं बॉट्युलिझम. डब्यात जिवंत राहिलेले जंतू आणि त्यांनी तयार केलेलं विष. लोकांनी डब्यांचा धसकाच घेतला. कॅनिंग हा तिथला प्रचंड धंदा, तो बसायची वेळ आली. अशा वेळी कुणीही सल्ला देईल की डबे नीट उकळा म्हणून. पण नीट म्हणजे किती? कारखान्यातल्या माणसाला नीट हा शब्द कळत नाही, त्याला तापमान आणि मिनिटं लागतात.

मेयर आणि त्यांचे सहकारी एस्टी यांनी तेच काम केलं. या जंतूंचे चिवट बीजाणू कुठल्या तापमानाला किती मिनिटांत मरतात ते मोजून १९२२ मध्ये प्रसिद्ध केलं. २५० अंश फॅरनहाइट, म्हणजे आपलं १२१ अंश सेल्सियस, आणि तिथे जेमतेम तीन मिनिटं. (घरच्या प्रेशर कुकरमध्ये शिट्टी होते तेव्हा साधारण याच तापमानाच्या आसपास असतो आपण.) डब्याच्या अगदी मधोमध एवढं तापमान एवढा वेळ पोचलं पाहिजे, हा हिशेब आजही फूड इंजिनिअरिंगच्या पुस्तकात पहिल्या काही धड्यांत येतो. १९२५ मध्ये कॅलिफोर्नियाने कॅनिंग कारखान्यांच्या तपासणीचा कायदा केला. धंदाही वाचला आणि माणसंही.

आता मूळ गोष्टीवर येऊ.

जुलै १९२७. सॅन फ्रान्सिस्कोच्या आसपासच्या किनाऱ्यावर ओहोटीला खडक उघडे पडले की लोक मसल काढायला जायचे. मसल म्हणजे खडकाला घट्ट चिकटून राहणारे काळसर शिंपले. गोव्यात ज्यांना शिनाणे म्हणतात त्यांचेच हे भाईबंद. फुकटचं आणि चविष्ट खाणं. त्या महिन्यात ते खाल्लेल्या लोकांना एकाएकी त्रास सुरू झाला. आधी ओठ आणि जिभेला मुंग्या, मग बोटांची टोकं बधिर, मग चालताना झोक जाणं, आणि शेवटी श्वास चालवणारे स्नायूच थंड. डोकं मात्र बऱ्याचदा शेवटपर्यंत जागं. १०२ जण आजारी पडले, त्यातले सहा गेले. औषध नव्हतंच. ते आजही नाही. श्वास चालू ठेवत राहायचं आणि विष उतरायची वाट बघायची, एवढाच उपाय.

या विषाची ओळख दर्यावर्दींना फार जुनी होती. १७९३ मध्ये कॅप्टन व्हँकुव्हर यांच्या मोहिमेतला एक खलाशी कॅनडाच्या पश्चिम किनाऱ्यावर मसल खाऊन मेला होता. पण कारण? जितकी तोंडं तितकी मतं. शिंपले सडले असतील, गटाराचं पाणी लागलं असेल, जहाजांच्या तळाचं तांबं त्यात उतरलं असेल. पॅसिफिक किनाऱ्यावरच्या मूळ रहिवाशांचं निरीक्षण मात्र वेगळं होतं. रात्री समुद्राच्या लाटा चमकायला लागल्या की ते शिंपले खाणं थांबवत, अशी नोंद मेयर यांच्या गटानेच करून ठेवली आहे. पुढे कळलं की ही मंडळी सगळ्यात जवळ पोचली होती.

मेयर यांच्यापुढची अडचण बघा. विष कुठलं ते माहीत नाही. त्याचं रासायनिक सूत्र माहीत नाही. ते कुठून येतं ते माहीत नाही. शिंपला बघून, हुंगून, चाखून काही कळत नाही. विषारी शिंपला ताज्या शिंपल्यासारखाच दिसतो, तसाच लागतो. शिजवून विष जात नाही. लसणीबरोबर उकळताना चांदीचा चमचा काळा पडला तर विष, असले घरगुती ठोकताळे तर साफ चुकीचे. मग मोजायचं कसं?

हूपर फाउंडेशनमध्ये हे काम हर्मन सोमर या शास्त्रज्ञाने हातात घेतलं. प्रत्यक्ष बैठक सोमर यांची, पाठबळ आणि दिशा मेयर यांची. आपल्या प्रोजेक्टमध्ये गाइडचं नाव वर आणि राबणारे खाली असतात, इथे तसं करायला नको, म्हणून आधीच सांगितलं. त्यांनी ठरवलं की विषाची ओळख पटायची वाट बघत बसायचं नाही. विष काय आहे ते कळत नसलं, तरी विष काय करतं ते दिसतंय ना? मग तेच मोजू.

पद्धत साधी होती आणि थोड्याफार फरकाने पुढे तीच जगभर प्रमाण झाली. शिंपल्यांचं शंभर ग्रॅम मांस वाटून घ्यायचं, सौम्य हायड्रोक्लोरिक आम्लात पाच मिनिटं उकळायचं, थंड करून गाळायचं. त्या अर्काचा एक मिलिलिटर साधारण वीस ग्रॅमच्या उंदराच्या पोटात टोचायचा आणि स्टॉपवॉच सुरू करायचं. उंदराने शेवटचा आचका दिला की घड्याळ बंद. मिळालेल्या मिनिट-सेकंदांवरून तक्त्यात बघायचं की विष किती युनिट.

इन्स्ट्रुमेंटेशनवाल्यांनो, इथे जरा कान द्या. हे सेन्सरचं कॅलिब्रेशनच आहे, फक्त सेन्सर जिवंत आहे. आणि हा सेन्सर लिनियर नाही! पंधरा मिनिटांत मेला तर एक युनिट. मग पाच मिनिटांत, म्हणजे एक तृतीयांश वेळात मेला तर तीन युनिट? नाही, जवळपास दोनच. आणि विष फार जास्त असेल तर उंदीर मिनिट-दीड मिनिटात जातो. तिथे घड्याळ दाबायला दोन-चार सेकंद इकडेतिकडे झाले तरी उत्तर कुठल्या कुठे जातं. उलट फार कमी विषाला वक्र इतका आडवा होतो की एका उंदराचं दुसऱ्याशी जमत नाही. म्हणून नियम असा झाला की अर्क पातळ करत जायचा आणि उंदीर पाच ते सात मिनिटांत मरेल अशा टप्प्यात आणायचा. एका उंदरावर भरवसा ठेवायचा नाही, अनेकांचा मधला आकडा घ्यायचा. वजन कमी-जास्त असेल तर दुरुस्ती करायची. रेंज, रिपीटेबिलिटी, करेक्शन फॅक्टर... जर्नलमध्ये आपण जे न समजता उतरवून काढतो, ते सगळं या उंदराच्या पिंजऱ्यात हजर आहे.

हातात मोजपट्टी आल्यावर कोडं सुटायला लागलं. किनाऱ्यावरून वरचेवर शिंपले आणून मोजले तेव्हा दिसलं की विष कायम नसतं. ते उन्हाळ्याच्या महिन्यांत एकदम चढतं आणि काही आठवड्यांत उतरतं. शिंपला आजारी नसतो, ठणठणीत असतो. म्हणजे विष त्याचं स्वतःचं नाही, त्याने कुठून तरी खाल्लेलं आहे. शिंपला खातो काय? तो दिवसभर समुद्राचं पाणी गाळत बसतो आणि त्यातले सूक्ष्म जीव पोटात घेतो. मग समुद्राच्या पाण्यातले जीव सूक्ष्मदर्शकाखाली मोजायला सुरुवात झाली. बर्कलीचे प्राणिशास्त्रज्ञ चार्ल्स कोफॉइड आणि त्यांचे सहकारी व्हेडन मदतीला होते.

दोन आलेख शेजारी ठेवले आणि उत्तर समोर आलं. पाण्यात एका विशिष्ट डायनोफ्लॅजेलेटची, म्हणजे शेपटीसारख्या तंतूंनी पोहणाऱ्या एकपेशीय सूक्ष्म शैवालाची गर्दी वाढली की मागोमाग शिंपल्यातलं विष वाढतं. गर्दी ओसरली की विष उतरतं. या शैवालाला गोनिओलॅक्स कॅटेनेला असं नाव मिळालं. आज त्याला अलेक्झांड्रियम कॅटेनेला म्हणतात. साखळी करून पोहणारे आणि रात्री लाटेत चमकणारे जीव. मूळ रहिवासी बघत होते ती चमक अशाच जीवांची! १९३७ मध्ये सोमर, मेयर आणि सहकाऱ्यांचे सविस्तर निबंध प्रसिद्ध झाले आणि शेकडो वर्षांचा वाद मिटला. हेही कळलं की पाणी लाल दिसायलाच हवं असं नाही. डोळ्यांना निळंशार वाटणाऱ्या पाण्यातही शिंपला घातक होऊ शकतो.

मेयर नुसते खुर्चीत बसणारे संचालक होते असं मात्र समजू नका. १९३० मध्ये कॅलिफोर्नियाच्या सॅन वाकीन खोऱ्यात हजारो घोडे मेंदूच्या एका गूढ आजाराने पडत होते. ताज्या मेंदूचा नमुना हवा होता आणि घोड्याचा मालक काही ऐकेना. मग मेयर यांनी त्याच्या बायकोला वीस डॉलर देऊन फितवलं आणि मालक झोपल्यावर रात्री जाऊन मरणाऱ्या घोड्याचं डोकंच कापून आणलं, असं सांगतात. त्या साथीतून त्यांच्या गटाने वेस्टर्न इक्वाइन एन्सेफलायटिसचा विषाणू वेगळा काढला. पोपटांपासून माणसाला होणारा सिटॅकोसिस, रानउंदीर-खारींमधला प्लेग, सगळीकडे हा माणूस पोचला होता. १९५१ मध्ये त्यांना लास्कर पुरस्कार मिळाला.

पण मला स्वतःला त्यांचं सगळ्यात मोठं काम उंदीर आणि घड्याळाचंच वाटतं. का ते सांगतो. १९२७ नंतर सरकारला सोपा मार्ग होता : शिंपल्यांवर कायमची बंदी. कुणी मेलं नसतं. पण किनाऱ्यावरच्या माणसांचं खाणं आणि रोजगार गेला असता. किंवा दुसरा सोपा मार्ग, चार दिवस बोंबाबोंब करून पुढच्या उन्हाळ्यापर्यंत विसरून जायचं. मोजमाप हातात असल्यामुळे तिसरा मार्ग निघाला. कॅलिफोर्नियात लोकांनी स्वतः गोळा करायच्या मसलवर आजही दरवर्षी १ मे ते ३१ ऑक्टोबर बंदी असते, आणि नमुने तपासून गरज पडली तर ती वाढवतात. बंदी घालायला आकडा लागतो आणि बंदी उठवायलाही आकडाच लागतो. दुसरी गोष्ट आपण नेहमी विसरतो.

पुढची गोष्ट थोडक्यात. १९५७ मध्ये एडवर्ड शान्ट्झ आणि सहकाऱ्यांनी अलास्काच्या बटर क्लॅम नावाच्या शिंपल्यांतून हे विष शुद्ध स्वरूपात काढलं. त्या शिंपल्याच्या शास्त्रीय नावावरून विषाला सॅक्सिटॉक्सिन म्हणायला लागले. (हे काम अमेरिकी लष्कराच्या फोर्ट डेट्रिकला झालं, कारण त्यांना यात शस्त्र दिसत होतं. एकाच विषाकडे बघायच्या दोन नजरा!) शुद्ध विष मिळाल्यावर उंदराचं कॅलिब्रेशन करता आलं. एक माउस युनिट म्हणजे साधारण ०.१८ मायक्रोग्रॅम सॅक्सिटॉक्सिन. मग मर्यादा मायक्रोग्रॅममध्ये ठरली. शंभर ग्रॅम मांसात ८० मायक्रोग्रॅम, म्हणजे ०.८ पीपीएम. त्यावर गेलं की विक्री बंद. आजही बहुतेक देशांत हीच रेषा आहे. हे विष मज्जातंतूंमधले सोडियमचे दरवाजे बंद करतं आणि त्यामुळे स्नायूंना संदेशच पोचत नाही, हेही कळलं.

मेयर २७ एप्रिल १९७४ रोजी सॅन फ्रान्सिस्कोमध्ये वारले. नव्वदी पूर्ण व्हायला महिनाही उरला नव्हता. सॅक्सिटॉक्सिनच्या रेणूची नेमकी रचना प्रसिद्ध झाली १९७५ मध्ये. म्हणजे ज्या विषाच्या मागे त्यांची प्रयोगशाळा इतकी वर्षं लागली, ते दिसतं कसं हे बघायला ते राहिले नाहीत. पण ते दिसायच्या कितीतरी आधी ते मोजलं जात होतं!

आता उंदरांबद्दल. दशकानुदशकं जगभरच्या प्रयोगशाळांत किती उंदीर यात गेले याचा विचार केला की घास जात नाही. शिवाय तंत्र म्हणूनही त्यात उणिवा आहेत. नमुन्यातल्या मिठाने उत्तर बदलतं, आणि शंभर ग्रॅममागे साधारण ४० मायक्रोग्रॅमच्या खालचं उंदराला कळत नाही. म्हणजे मोजपट्टीची पहिली खूणच मर्यादेच्या निम्म्यावर! म्हणून एचपीएलसी आणि मास स्पेक्ट्रोमेट्रीच्या पद्धती आल्या. युरोपात या विषासाठीही २०१९ पासून उंदराऐवजी रासायनिक पद्धत प्रमाण मानली जाते. फार चांगलं झालं.

पण जाता जाता उंदराने एक धडा दिलाय. १९८७ मध्ये कॅनडात प्रिन्स एडवर्ड बेटावरचे मसल खाऊन शंभरावर लोक आजारी पडले. उंदरांना अर्क टोचला तर ते नेहमीसारखे मरेनात, विचित्रपणे अंग खाजवायला लागले. त्यावरून कळलं की हे सॅक्सिटॉक्सिन नाही, नवीनच काहीतरी आहे. निघालं डोमोइक आम्ल, दुसऱ्याच एका सूक्ष्म शैवालाचं. मशीनला जे विचाराल तेवढंच ते सांगतं. न विचारलेलं सांगणारं काहीतरी यंत्रणेत ठेवावं लागतं. आता ते उंदराशिवाय कसं ठेवायचं, हा प्रश्न आपल्या पिढीसाठी आहे.

आणि हे सगळं लांब कॅलिफोर्नियातलं आहे असंही नाही. १९८१ मध्ये तमिळनाडूत, १९८३ मध्ये मंगळूरजवळ आणि १९९७ मध्ये केरळात विझिंजमला शिंपले खाऊन माणसं दगावल्याची नोंद आहे. आपल्या हॉस्टेलमध्ये रत्नागिरी-मालवणची बरीच मंडळी आहेत. सुट्टीवरून परतताना त्यांच्या डब्यातल्या तिसऱ्यांवर आपण तुटून पडतो. घाबरायचं कारण नाही, तिसऱ्या खाणं सोडा असं मी मुळीच म्हणणार नाही (मी तर सोडणार नाही!). पण घाबरायचं कारण आहे की नाही, हे कुणीतरी किनाऱ्यावर जाऊन, नमुना घेऊन, मोजूनच सांगावं लागतं. त्यासाठी स्वस्त, हातात मावेल असं आणि उंदीर न मारणारं यंत्र हवं. फायनल इयरच्या प्रोजेक्टसाठी विषय शोधत असाल, तर हा घ्या.

– तृतीय वर्ष, इन्स्ट्रुमेंटेशन